ओलिएनातलं साडेतीन तासांचं जेवण (सार्डिनिया)

सांजवारा :

इटलीत तूरिनला राहायला येऊन चार वर्षं झाली. इटलीच्याच सार्डिनिया बेटावर जायचं दरवर्षी ठरायचं आणि दरवर्षी राहून जायचं. यंदा सासूबाई साताऱ्याहून आल्या होत्या म्हणून एप्रिलअखेरीस सहा दिवस काढले. तिथल्या समुद्रकिनाऱ्यांबद्दल सगळीकडे भरपूर लिहिलं जातं. मला फक्त एका जेवणाबद्दल लिहायचंय, कारण परत आल्यापासून आमच्या घरात त्याचाच विषय निघतो.

पहिले दोन दिवस किनाऱ्यावर होतो. पाणी बघून डोळे निवले, जेवणानं मात्र निराशा केली. बंदरालगतच्या हॉटेलात फोटोवालं मेनूकार्ड हातात आलं आणि पुढे आलेला पास्ता आमच्या तूरिनच्या गल्लीत मिळतो तसाच. तिसऱ्या दिवशी समुद्राकडे पाठ केली आणि डोंगरात शिरलो.

बेट आहे म्हणजे मासेच खात असणार, असं मलाही वाटायचं. पण या बेटाच्या मधल्या भागाला पोसलंय मेंढपाळांनी. माणसं सोळा लाखांच्या आसपास आणि मेंढ्या तीस लाखांच्या घरात. फिनिशियन, कार्थेजवाले, रोमन, नंतर स्पेनचे राजे, जो तो समुद्रातूनच आला. त्यात किनाऱ्यालगतच्या सखल भागात मलेरिया होता, तो हटला थेट दुसऱ्या महायुद्धानंतर. त्यामुळे माणसं आत, उंचावर राहिली. 'फुरात की बेनित दाए सु मारे', म्हणजे समुद्राकडून येतो तो लुटायलाच येतो, अशी त्यांची म्हण आहे. ही म्हण कळली की ताटात काय येणार त्याचा अंदाज येतो.

नुओरो शहरापासून दहा-बारा किलोमीटरवर ओलिएना आहे. गावाच्या पाठीशी मोन्ते कोर्राझीचा चुनखडीचा पांढराफटक कडा, १,४६३ मीटरचा. गावात शिरल्यावर प्रत्येक गल्लीच्या टोकाला तोच दिसतो. खानावळ म्हणावी इतकी छोटी जागा, सात टेबलं. आदल्या दिवशी फोन केला तेव्हा मालकांनी दोनच प्रश्न विचारले : किती जण, आणि मांस न खाणारं कोणी आहे का? आई (म्हणजे सासूबाई) शाकाहारी आहेत, ते सांगितलं. चीझ चालेल, पण कणकेत डुकराची चरबी नको, हेही सांगून ठेवलं. ते "हो, हो" म्हणाले आणि फोन ठेवला. मला धाकधूकच होती.

एक वाजता पोचलो. मेनूकार्ड नाहीच. मालक आले, पाणी ठेवलं, लाल वाईनचा जग ठेवला आणि पाने कारासाउची चळत ठेवली. ही भाकरी कागदासारखी पातळ असते. इटालियन लोक तिला 'कार्ता दा मूसिका', संगीताचा कागद म्हणतात. गव्हाच्या रव्याची मोठी पोळी लाकडाच्या भट्टीत टाकली की टम्म फुगते. ती गरम असतानाच कडेनं सुरी फिरवून तिचे दोन पापुद्रे वेगळे करायचे, आणि ते पापुद्रे पुन्हा भट्टीत घालून कडक करायचे. दुसऱ्यांदा शेकण्याला 'कारासारे' म्हणतात, नाव त्यावरूनच आलंय. मेंढरं घेऊन महिनोन्‌महिने बाहेर राहणाऱ्या माणसाची ही शिदोरी, लवकर खराब होत नाही. मालकांनी एक पोळी दोन्ही हातांत धरून मोडली, आणि तो आवाज ऐकून शेजारच्या टेबलावरचं लहान मूल वळून बघायला लागलं.

मग एकेक येत राहिलं. घरचं सॉसेज, हॅम, ऑलिव्ह, ओले बाकले, काटेरी आर्टिचोकच्या तेलातल्या फोडी, आणि तीन वयांचं पेकोरीनो, म्हणजे मेंढीच्या दुधाचं चीझ : कोवळं, मधलं आणि वर्षभर मुरलेलं. मुरलेलं 'फिओरे सार्दो' होतं. मेंढीच्या कच्च्या दुधाचं, झोपडीतल्या चुलीच्या धुराचा वास लागलेलं. पलीकडे तीन म्हातारे बसले होते. त्यांनी टेबलावरच्या सुऱ्यांना हातही लावला नाही. तिघांनी आपापल्या खिशातून घडीची सुरी काढली, चीझ कापलं, पात्याला लागलेलं भाकरीवर पुसलं आणि सुरी मिटून ताटाशेजारी ठेवली. पुढचा पदार्थ आला की पुन्हा तीच सुरी.

इतकं होईपर्यंत दोन वाजून गेले होते. नवरा हळूच म्हणाला, "साडेतीनला गुहा बघायला जायचंय ना?" तेवढ्यात मालक आतून हात पुसत आले. त्यांच्या आई म्हणजे ऐंशीच्या पुढच्या बाई स्वयंपाकघरात कुलुर्जोनेस करत होत्या, आणि आमच्या आईंनी बघायला यावं असा त्यांचा निरोप होता.

कुलुर्जोनेस म्हणजे उकडलेला बटाटा, पेकोरीनो आणि पुदिना यांचं सारण भरलेला पास्ता. मूळचा शेजारच्या ओल्यास्त्राचा, पण आता बेटभर करतात. पारी तळहातावर घेऊन, मधे सारणाचा गोळा ठेवून, तोंड बंद करताना गव्हाच्या लोंबीसारखी नक्षी पाडायची. आईंनी एक नजर टाकली आणि म्हणाल्या, "ही तर मुरड." करंजीला आयुष्यभर मुरड घातलेला हात. त्यांनी पारी उचलली. पण करंजीची मुरड एकाच दिशेनं कडेकडेनं जाते. इथे एकदा डावीकडची घडी उजवीवर आणि एकदा उजवीकडची डावीवर, प्रत्येक वेळी सारण आत दाबत, अशी चिमटत न्यायची असते. आईंचा अंगठा सवयीनं एकाच बाजूला पळत होता. त्या बाईंनी काही न बोलता तो कुलुर्जोने आईंच्या हातातून घेतला, उकलला आणि त्यांच्याच तळहातावर ठेवून पुन्हा पहिल्या घडीपासून बोटं धरून दाखवलं. दोघींना एकमेकींचं एक अक्षरही कळत नव्हतं. चौथा जमला. आईंचे चारही त्यांनी वेगळे उकळले आणि आईंच्याच ताटात वाढले, वर नुसता टोमॅटोचा रस आणि किसलेलं चीझ. पहिले दोन पाण्यात जरा उघडले होते. आईंनी तेच आधी खाल्ले.

आमच्यासाठी पोर्चेद्दु आलं, म्हणजे डुकराचं दूधपितं पिल्लू. विस्तवाच्या वर नाही, विस्तवासमोर उभं लावून तासन्‌तास फिरवत भाजलेलं. मीठ सोडून काही नाही. बुचाच्या झाडाच्या सालीच्या परातीत मिर्ता या सुगंधी झुडपाच्या पानांवर ठेवून आणतात. त्या पानांचा वास गरम मांसाला लागतो. वरची कातडी पापडासारखी मोडते. सोबत कच्ची बडीशेपेची गड्डी, मुळे आणि सेलरी, तेल-मीठ लावून. आईंना तोवर भाजलेल्या भाज्या आणि पाने फ्रात्ताउ दिलं होतं : कारासाउ गरम पाण्यात क्षणभर बुडवून, त्यावर टोमॅटो, पेकोरीनो आणि पाण्यात शिजवलेलं अंडं. एरवी ते मटणाच्या रश्श्यात बुडवतात. आईंसाठी पाण्यात बुडवलं होतं, आणि हे त्यांनी न विचारता केलं होतं.

शेवटी सेआदास. रव्याच्या पारीत किंचित आंबट झालेलं ताजं चीझ आणि लिंबाची साल भरून तळतात, वर मध. त्या पारीत चरबी असते, म्हणून आईंना दिलं ताजं रिकोत्ता आणि त्यावर कॉर्बेझ्झोलो झाडाच्या फुलांचा मध. हा मध कडू असतो, खराखुरा कडू. मग कॉफी, मग मिर्ताच्या फळांची गार दारू, मिर्तो. ग्लास उचलून मालक म्हणाले, "आ केंत'आन्नोस", शंभर वर्षं जगा.

बाहेर पडलो तेव्हा साडेचार झाले होते. गुहा राहिली. बिल तिघांचं मिळून ११० युरो, तेही आम्ही मागितल्यावर.

आता मला इथे विचारायचंय आणि सांगायचंयही. सहा दिवसांच्या सहलीत एक अख्खी दुपार एका जेवणाला द्यावी का, यावर परतीच्या प्रवासात नवरा आणि मी बराच वेळ बोललो. माझं उत्तर ठाम आहे : द्यावी, आणि त्यानंतर काही ठरवूच नये. त्या खानावळीत जेवण हेच बघण्याचं ठिकाण होतं. तुमचा अनुभव काय?

मेथीकूट :

वाचून थांबलेच. दोन्ही बाजूंनी घडी घालायची, हे आत्ता कणकेच्या गोळीवर करून बघितलं. तुमच्या सासूबाईंना चौथ्यात जमलं म्हणजे हात किती तयार असेल!

प्रश्न : पूर्ण शाकाहारी माणसाला तिथे पोटभर मिळेल का? आम्ही सप्टेंबरात चाललोय, दोघंही शाकाहारी, अंडंही नाही.

सांजवारा :

@मेथीकूट, मिळेल, पण आधी फोन करायचा. ऐन वेळी सांगितलंत तर सॅलड आणि भाकरीवर भागवावं लागेल. तीन गोष्टी नीट विचारा. सेआदास आणि तिथल्या बऱ्याच गोड पदार्थांच्या कणकेत 'स्त्रुत्तो' म्हणजे डुकराची चरबी घालतात, कधी कधी कुलुर्जोनेसच्या पारीतही. 'सेन्झा स्त्रुत्तो' म्हणा, लगेच कळतं. पाने फ्रात्ताउ रश्श्याशिवाय आणि अंड्याशिवाय मागा. तिसरी गोष्ट म्हणजे चीझ. पेकोरीनो जमवायला कोकराच्या किंवा वासराच्या पोटातलं रेनेट वापरतात. आईंना हे मी निघण्याआधीच सांगितलं होतं, त्यांनी विचार करून चीझ चालेल म्हटलं. ज्यांना चालत नाही त्यांनी चीझ टाळावं. पाने कारासाउ मात्र बिनधास्त खा : रवा, पाणी, मीठ, यीस्ट.

काल्यारीकर :

मी काल्यारीत, म्हणजे सार्डिनियाच्या राजधानीत, दोन वर्षं शिकायला होतो. लेख आवडला, पण एक गोष्ट पटली नाही. सार्डिनियाचं जेवण म्हणजे डोंगराचं जेवण असा सूर लागलाय. बेटाच्या कडेनं जरा फिरा म्हणजे दुसरंच जग दिसेल. काब्रासच्या खाजणात मुल्लेट मासा पकडतात, त्याची गाबोळी अख्खी काढून मिठात दाबतात आणि वाळवतात. ती बोत्तार्गा. आपल्याकडे गाबोळी ताजी तळतात, तिथे वाळवून सोनेरी वडी होते आणि ती पास्तावर किसतात. काल्यारीला फ्रेगोला खाल्लात का? रव्यावर पाण्याचा हबका मारत परातीत हात फिरवून साबुदाण्याएवढे दाणे करतात, ते भाजतात आणि शिंपल्यांच्या रसात शिजवतात. दक्षिण-पश्चिमेला कार्लोफोर्ते म्हणून गाव आहे, तिथे जेनोवाकडच्या लोकांची वस्ती १७३८ पासून. बोली त्यांचीच आणि खाणं ट्यूनाचं. आल्गेरोत कातालान बोलणारी माणसं भेटतील.

लांब जेवणाबद्दल मात्र शंभर टक्के सहमत. आमच्या घरमालकीणबाई रविवारी एकला बसवायच्या आणि सहाच्या सुमारास उठवायच्या. पहिल्या रविवारी मी पहिल्याच पास्त्यावर पोट भरून घेतलं होतं.

सांजवारा :

@काल्यारीकर, मान्य. मी आत शिरलेली बाजू लिहिली, कडेची बघायची राहिली. ती म्हण डोंगरातल्यांची आहे, कार्लोफोर्तेवाले तर स्वतःच समुद्रातून आलेले. बोत्तार्गा घरी आणलीय, कशी वापरू?

काल्यारीकर :

उकळत्या कढईत अजिबात घालू नका, कडू होते. स्पगेटी लसूण-तेलात घोळवून गॅस बंद करा आणि मग वर किसा. नाहीतर पातळ काप करून कारासाउवर ठेवा आणि ऑलिव्ह तेलाचे दोन थेंब. मीठ वेगळं नको.

माणदेशी :

मी पशुवैद्यकीय क्षेत्रात आहे आणि घर धनगराचं. ती तीस लाख मेंढ्यांची गोष्ट वाचून राहवलं नाही.

आमच्याकडे दिवाळीनंतर वाडे, म्हणजे धनगरांचे कळप आणि बिऱ्हाडं, निघतात, घाट उतरून कोकणात जातात आणि पावसाआधी परत माणदेशात. सार्डिनियातही बार्बाज्याचे, म्हणजे मधल्या डोंगराळ भागातले, मेंढपाळ थंडीत बर्फाच्या डोंगरावरून खाली काम्पिदानोच्या मैदानात उतरायचे, आणि तुम्ही लिहिलेली कडक भाकरी त्याच वाटेवरची. इथवर सारखं आहे. फरक दुधात. आपली दख्खनी मेंढी लोकरीसाठी, मांसासाठी आणि शेतात बसवून खतासाठी. दूध कोकराला आणि वाड्यावरच्या चहाला. त्यांची सार्दा जात पिढ्यान्‌पिढ्या दुधासाठी निवडत आणलेली. त्यामुळे त्यांच्याकडे चीझचा एवढा पसारा उभा राहिला. 'पेकोरीनो रोमानो' नावानं जे चीझ जगभर जातं, त्यातलं बहुतेक सार्डिनियातच होतं, रोममध्ये नाही.

आणि त्यातच त्यांचं दुखणं आहे. त्या एका चीझचा बाहेरचा भाव पडला की दुधाचा भाव पडतो. फेब्रुवारी २०१९ मध्ये लिटरला साठ सेंटच्या आसपास मिळायला लागले तेव्हा मेंढपाळांनी रस्त्यावर, पुलांवर दूध ओतलं. मागणी होती एक युरोची. मी ते व्हिडिओ बघितले तेव्हा आमच्याकडचा जुलै २०१८ आठवला. लिटरमागे पाच रुपये थेट खात्यावर द्या म्हणून राजू शेट्टींच्या संघटनेचं आंदोलन, आणि रस्त्यावर वाहणारं दूध. ज्यानं स्वतः धार काढलीय तो दूध ओततो तेव्हा त्याच्या पोटात काय होत असेल ते मला सांगावं लागत नाही.

तुमच्या ताटातल्या तीन वयांच्या चीझमागे हे सगळं आहे. ते तुम्ही सावकाश खाल्लंत, हे फार बरं वाटलं.

सांजवारा :

@माणदेशी, तुमचा प्रतिसाद नवऱ्याला आणि आईंना मोठ्यानं वाचून दाखवला. पेकोरीनो रोमानोचं मला इटलीत राहूनही माहीत नव्हतं. त्या खानावळीच्या मालकांचा भाऊ मेंढ्या राखतो, चीझ त्याचंच होतं. तो दुपारी तीनला मागच्या दारानं आला, आईच्या हातचं ताट घेतलं, उभ्यानंच जेवला आणि पुन्हा गेला. संध्याकाळची धार काढायची होती. आम्ही साडेतीन तास बसलो होतो आणि तो दहा मिनिटंही नाही. हे मूळ लेखात लिहायला हवं होतं.

दोन_पिल्लं_एक_बॅग :

चार आणि सात वर्षांची मुलं आहेत. साडेतीन तास एका जागी बसवणं मला तरी अशक्य वाटतं. मुलांना घेऊन कोणी असं जेवलंय का?

सांजवारा :

त्या दिवशी सातपैकी चार टेबलांवर मुलं होती. पहिला पास्ता खाऊन झाला की ती बाहेर अंगणात पळत होती आणि मांस आलं की कोणीतरी हाक मारत होतं. मुलांसाठी वेगळं जेवण नव्हतं, मोठ्यांचंच लहान ताटात. मोबाइल मुलांच्या हातात दिसला नाही. अंगण किंवा बाग असलेली जागा निवडा. गावाबाहेर 'आग्रितुरिस्मो' असतात, म्हणजे शेतावरच जेवायला घालणारे, तिथे कोंबड्या, गाढवं, मोकळी जागा असते. आणि सकाळचा नाश्ता अगदी हलका ठेवा.

द्राक्षवेल :

नाशिकला वायनरीत काम करतो म्हणून वाईनबद्दल. ओलिएनात जगमधून वाढलेली लाल वाईन म्हणजे कान्नोनाउच असणार. हीच स्पेनची गार्नाचा, फ्रान्सची ग्रेनाश. ओलिएनाच्या कान्नोनाउला 'नेपेंते' म्हणतात, ते नाव कवी दान्नुन्झ्योनं गौरवल्यापासून बाटलीवर बसलंय. दुःख विसरायला लावणारं पेय असा त्याचा ग्रीक अर्थ. अंगानं भरदार वाईन, अल्कोहोल चौदा टक्क्यांच्या वर सहज जातं, आणि मांसासोबत पटकन कळत नाही. म्हणून गाडी चालवणाऱ्यानं दूर राहावं. इटलीत मर्यादा रक्ताच्या लिटरला अर्धा ग्रॅम, आणि लायसन्स मिळून तीन वर्षं झाली नसतील तर शून्य.

पांढरी हवी असेल तर उत्तरेची वेर्मेंतीनो दि गाल्लुरा मागा. काल्यारीकरांच्या शिंपल्यांसोबत तीच.

सांजवारा :

बरोबर, नेपेंतेच होती. नवरा गाडी चालवणार म्हणून त्यानं एक घोट चाखून ग्लास बाजूला ठेवला. मालकांनी निघताना त्याच्या हातात अर्धी बाटली बूच लावून दिली. मुक्कामी पोचल्यावर रात्री पाने कारासाउसोबत संपवली.

मांडवीकाठ :

गोंयकार हांव! पिल्लाचं भाजलेलं मांस वाचून पणजीकडच्या लग्नांतलं लेइतांव आठवलं. आमच्याकडे पोटात सारण भरतात आणि मसाला असतो, ते पोर्तुगिजांकडून आलेलं. नुसत्या मिठावर आणि मिर्ताच्या पानांवर करतात, हे ऐकून चव घ्यावीशी वाटते.

मिर्तोशिवाय फिलु ए फेर्रु मिळाली का? नावाचा अर्थ लोखंडाची तार. घरी दारू गाळायला बंदी असताना बाटल्या जमिनीत पुरायचे आणि जागा सापडावी म्हणून तारेचं टोक वर ठेवायचे. आमच्या फेणीला २००९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. माझे आजोबा भाटीवर काम करायचे, म्हणून अशा गोष्टी जमवतो.

सांजवारा :

मिळाली. मिर्तोनंतर मालकांनी बिनलेबलाची बाटली आणली आणि टेबलाच्या पायाशी बोट दाखवून जमिनीतून तार ओढल्याचा अभिनय केला. तेव्हा कळलं नव्हतं, आता तुमच्यामुळे कळलं!

चुलीपाशी :

दीर्घायुष्याबद्दल कोणीच कसं लिहिलं नाही? 'ब्लू झोन' हा शब्द याच डोंगरांवरून आलाय. संशोधकांनी शंभरी पार केलेल्यांची गावं नकाशावर निळ्या शाईनं रंगवली, तो अभ्यास २००४ ला प्रसिद्ध झाला. तिथे शंभरी गाठणारे पुरुष जवळपास बायकांइतकेच आहेत, ही खरी नवलाची गोष्ट. मग कान्नोनाउ, मेंढीचं चीझ आणि सावकाश जेवणं, हेच रहस्य म्हणायचं ना?

माणदेशी :

@चुलीपाशी, ते म्हातारे आयुष्यभर मेंढ्यांमागे डोंगर चढले-उतरले. आणि पोर्चेद्दु त्यांचं रोजचं जेवण नव्हतं, ते सणाचं. रोज भाकरी, चीझ, बाकले, पावटे, भाज्या. पर्यटकाला एका दुपारी वर्षाचे सगळे सण वाढतात. त्यात गैर काहीच नाही, पाहुण्याला आपणही तसंच वाढतो. पण पाहुण्याच्या ताटावरून घरचं रोजचं जेवण ठरवू नये.

सांजवारा :

@माणदेशी, हे अगदी खरं. तीन म्हाताऱ्यांच्या टेबलावर पोर्चेद्दु नव्हतंच. त्यांनी चीझ, बाकल्याची भाजी, भाकरी आणि एकेक ग्लास वाईन घेतली. तरी तेही आमच्याइतकाच वेळ बसले होते.

मेथीकूट :

इथे सणाचा विषय निघालाच आहे तर, नुओरोचं सु फिलिंदेउ कोणी खाल्लंय? कणीक ओढून दुमडायची, आठ वेळा, की २५६ तार होतात. त्या तारा गोल पाटीवर एकावर एक तीन थरांत आडव्या-तिडव्या पसरून उन्हात वाळवतात. नावाचा अर्थ देवाचे धागे. माझी आजी हातशेवया करायची, म्हणून हे वाचल्यापासून डोक्यात बसलंय.

काल्यारीकर :

मी खाल्लंय, ऑक्टोबरात. नुओरोहून लुलाच्या सान फ्रांचेस्कोच्या देवळापर्यंत लोक रात्रभर चालत जातात, तीसेक किलोमीटर, मे आणि ऑक्टोबरात. पहाटे पोचलेल्याला मेंढीच्या रश्श्यात शिजवलेलं फिलिंदेउ वाढतात, त्यात आंबट ताजं चीझ. चालत आलेल्या कोणालाही, नाव-गाव न विचारता. मी पायाचे फोड घेऊन बाकावर बसलो होतो आणि अनोळखी बाईंनी वाडगा हातात दिला. आषाढीला गावोगाव वाटेवर वारकऱ्यांना पंगतीला बसवतात, ते आठवलं. @मेथीकूट, रस्सा मेंढीचा आहे म्हणून तुम्हाला ते चालणार नाही, पण कणीक ओढताना बघायला मिळालं तर जरूर बघा. करणाऱ्या बायका आता मोजक्याच राहिल्यात.

दोन_पिल्लं_एक_बॅग :

ठरलं, आमची दुपार राखून ठेवली. तिथवर पोचायचं कसं? ट्रेन आहे का?

काल्यारीकर :

विमानतळ तीन : काल्यारी, ओल्बिया, आल्गेरो. डोंगरातल्या गावांसाठी गाडीच घ्या. आर्स्तच्या बसेस आहेत, पण जेवण लांबलं तर परतीची बस चुकते. ओल्बियाहून नुओरो शंभरेक किलोमीटर, काल्यारीहून एकशे ऐंशीच्या आसपास, रस्ता चांगला. भारतातून येत असाल तर आरटीओकडून आंतरराष्ट्रीय परवाना काढून आणा, नुसत्या भारतीय लायसन्सवर गाडी देत नाहीत. आणि दुपारी अडीचनंतर पोचलात तर स्वयंपाकघर बंद झालेलं असेल. एकलाच हजर राहा.

मेथीकूट :

@सांजवारा, शेवटची विनंती. कुलुर्जोनेसचं प्रमाण द्या ना, पेकोरीनो मिळत नाही तिथे काय घालायचं तेही. आम्हाला जाण्याआधी हात बसवायचाय.

सांजवारा :

आई साताऱ्याला पोचल्यात, कालच फोनवर विचारलं. त्यांनी तिकडे दोनदा करून बघितलेत. किलोभर जुना बटाटा सालासकट उकडून, गरम असतानाच कुस्करायचा, गुठळी राहू द्यायची नाही. त्यात पाव किलो किसलेलं चीझ. पेकोरीनो नसेल तर मुरलेलं खारट चीझ घ्या आणि मीठ चाखूनच घाला. ऑलिव्ह तेलात लसणाची पाकळी तडतडवून काढून टाकायची आणि ते तेल सारणात. पुदिना ताजा, बारीक चिरलेला, मूठभर. पहिल्यांदा आईंनी दोन मुठी घातला तर चटणीसारखं लागलं. सारण झाकून रात्रभर ठेवा, दुसऱ्या दिवशी घट्ट बसतं आणि फुटत नाही. पारीला बारीक रवा आणि मैदा निम्मेनिम्मे, कोमट पाणी, चमचाभर तेल. पुरीएवढी लाटायची, पण करंजीपेक्षा किंचित जाड.

मुरड घालताना पारीची कड कोरडी झाली की चिकटत नाही, म्हणून लाटलेल्या पाऱ्यांवर ओलं फडकं टाकून ठेवा. उकळत्या पाण्यात सोडल्यावर वर तरंगले की दोन मिनिटांत काढा. आईंचे या वेळी एकही उघडले नाहीत.